तुमच्या रेलिंगवर येतो तो रेवन नाही, डोमकावळा आहे

प्रश्न असा आहे: "आम्ही घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर राहतो. रोज सकाळी बाल्कनीच्या रेलिंगवर एक पूर्ण काळा, नेहमीच्या कावळ्यापेक्षा मोठा पक्षी येऊन बसतो. मुलगी म्हणते हा रेवन. आई म्हणते हा डोमकावळा, अशुभ असतो, त्याला थारा देऊ नकोस. नक्की कोण आहे हा? आणि रेवन आणि कावळा यांत फरक तरी काय?"

आईंनी सांगितलेलं नाव बरोबर आहे. तो डोमकावळा. रेवन ठाण्यात नाही, नवी मुंबईत नाही, कोकणपट्टीत कुठेच राहत नाही. येऊरच्या जंगलात आणि ठाणे खाडीच्या काठाने मी सव्वीस वर्षं पक्षी बघत फिरते आहे, जखमी पक्ष्यांची शुश्रूषाही करते. "आमच्याकडे रेवन आलाय" असे फोन दर उन्हाळ्यात येतात आणि जाऊन पाहावं तर दर वेळी डोमकावळाच निघतो. तरी मुलीला रागावू नका. हा पक्षी रोजच्या कावळ्याहून वेगळा आहे हे तिच्या नजरेने टिपलं, ही मोठी गोष्ट आहे. आपल्याकडे दोन जातींचे कावळे आहेत हे कित्येकांना आयुष्यभर कळत नाही.

म्हणून आधी या दोघांबद्दल सांगते, रेवनकडे मग वळू.

स्टेशनवर, जांभळी नाक्याच्या बाजारात, वाशीच्या मार्केटात, मासळीच्या पाट्यांभोवती जो दिसतो तो गावकावळा. मान, गळा आणि छातीचा वरचा भाग करडा, बाकी काळा. चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत साधारण चाळीस सेंटिमीटर. डोमकावळा त्याच्यापेक्षा सात-आठ सेंटिमीटरने मोठा आणि सगळा काळाकुळकुळीत, कुठेही करड्याचा मागमूस नाही. पण नुसत्या रंगावर जाऊ नका, रंग फसवतो. पावसात भिजलेल्या गावकावळ्याची मान काळीच दिसते. उन्हाकडे तोंड करून पाहिलं तर सगळेच काळे. नुकत्याच उडायला लागलेल्या पिल्लाचा करडा रंगही मळकट असतो. मी आधी चोच पाहते. डोमकावळ्याची चोच जाड, वरची कड कमानीसारखी वळलेली, आणि कपाळ चोचीवरून एकदम उभं चढलेलं. गावकावळ्याचं डोकं त्यामानाने सपाट, चोच सडपातळ.

चोचीपेक्षाही खात्रीचा पुरावा आवाजाचा. गावकावळ्याचं "काव काव" चपटं, थोडं नाकातलं. डोमकावळा खर्जात बोलतो, घोगरं "क्रा... क्रा", आणि दोन हाकांमध्ये जरा थांबतो. एकदा दोन्ही आवाज पाठोपाठ ऐकले की पुढे डोळे मिटूनही ओळखता येतात.

तुमच्याकडेच हा का येतो, त्याचं उत्तर तुमच्या इमारतीच्या जागेत आहे. घोडबंदर रोडच्या एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची जंगलपट्टी, दुसऱ्या अंगाला खाडी. डोमकावळा मुळात झाडीचा पक्षी. जंगलाच्या कडेला, वाडीत, गावाच्या वेशीवर त्याचा वावर. नवी मुंबईत पारसिकच्या डोंगरालगत आणि खारघरच्या टेकड्यांकडे तो सहज भेटतो. ऐन बाजारात गावकावळ्यांचं राज्य, तिथे हा कमी. गावकावळा माणसाला इतका चिकटून राहतो की वस्ती सोडून दूर तो सहसा टिकत नाही. डोमकावळ्याचं माणसावाचून अडत नाही. जंगलात एका जागी डोमकावळे जमून आरडाओरडा करत असले, तर तिथे मेलेलं जनावर किंवा बिबट्याने मारलेली शिकार असण्याची शक्यता धरून जाणती माणसं पाऊल मागे घेतात.

आता रेवन. लांबीला तो घारीएवढा, साठ सेंटिमीटरच्या पुढे, आणि वजनाला घारीहून भारी. पूर्ण वाढलेला रेवन किलोच्या वर भरतो. गावकावळा पाव किलोच्या थोडा पुढे. म्हणजे एका रेवनसमोर तीन-चार गावकावळे तागडीत घालावे लागतील. आर्क्टिकच्या बर्फापासून उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटापर्यंत आणि तिकडे अमेरिकेत मध्य अमेरिकेपर्यंत त्याचा पसारा आहे. भारतात मात्र तो दोनच तऱ्हेच्या मुलखांत भेटतो: लडाखसारखा हिमालयाचा उंच, उघडा भाग, आणि राजस्थानात बिकानेर-जैसलमेरकडचा कोरडा प्रदेश. शेजारच्या भूतानचा तर तो राष्ट्रीय पक्षी आहे आणि तिथल्या राजमुकुटावर रेवनचं डोकं असतं. आपली दमट हवा, दाट झाडी, भातखाचरं आणि खारफुटी हा त्याचा मुलूखच नव्हे.

मी पहिला रेवन लडाखला पाहिला तेव्हा त्याला गरुड समजले होते. खिंडीच्या वर तो पंख न हलवता तरंगत होता आणि कावळा असा तरंगत नाही, हे माझ्या मनात पक्कं बसलेलं. मग तो वळला आणि शेपूट दिसली. पंख्यासारखी गोल नव्हती, मधली पिसं लांब, पाचरीसारखी निमुळती. बघता बघता त्याने हवेत कूस बदलली, क्षणभर पाठीवर उलटा झाला आणि पुन्हा सरळ होऊन पुढे गेला. मागून त्याची जोडीदारीण आली. दोघं दगडावर उतरली तेव्हा दुर्बीण लावली. गळ्याखाली लांब, विस्कटलेली पिसं, दाढी वाढवल्यासारखी. चोचीच्या मुळाशी राठ केसांसारखी पिसं, ती चोचीच्या जवळजवळ निम्म्या भागावर आलेली. त्याने हाक दिली तशी गळ्याची दाढी फुलली आणि आवाज आला "क्रॉक", लाकडी पिंपावर ठोकल्यासारखा, खोल. परत उडाली तेव्हा थंड, स्तब्ध हवेत पंखांचा सूं-सूं आवाज खाली उभ्या असलेल्या आम्हाला ऐकू आला.

मुलीला फरक सांगायचा तर हाच सांगा. शेपूट, गळ्याची दाढी, तरंगणं आणि आवाज. आकार शेवटी, कारण शेजारी मोजायला दुसरा पक्षी नसला की आकाराचा अंदाज हमखास चुकतो. चौदाव्या मजल्यावर हातभर अंतरावर बसलेला डोमकावळा भलामोठा वाटणारच. तो घारीएवढा आहे का हे पाहायचं असेल तर घार शेजारून जायची वाट पाहा, तुमच्याकडे घारींना तोटा नाही. आणि लडाखला जाणार असाल तर आणखी एक सांगून ठेवते. तिथे काळ्या पक्ष्यांचे थवेच्या थवे दिसतात, पिवळ्या किंवा लाल चोचीचे. ते रेवन नव्हेत. ते चफ, कावळ्यांच्याच कुळातले. रेवन बहुधा जोडीने दिसतो आणि त्याची चोच काळी असते.

नावांचा घोळही इथेच सोडवू. इंग्रजी गोष्टी मराठीत येताना रेवनला सर्रास डोमकावळा म्हटलं जातं, त्यामुळे पुस्तकातला डोमकावळा एक आणि तुमच्या रेलिंगवरचा दुसरा, असं होऊन बसलं आहे. जुन्या संस्कृत कोशांत कावळ्याच्या नावांपासून वेगळी काकोल आणि द्रोणकाक ही नावं मोठ्या काळ्या कावळ्यासाठी आहेत. म्हणजे धाकट्या आणि थोरल्या कावळ्यातला भेद आपल्या लोकांनी फार पूर्वी टिपला होता. मला मराठीत बोलताना रेवन हाच शब्द वापरणं सोयीचं वाटतं. डोमकावळा हे नाव ज्याचं आहे त्याच्याकडेच राहू द्यावं.

आता मुळातला प्रश्न, कावळा आणि रेवन या वेगळ्या जाती आहेत का. गावकावळा, डोमकावळा आणि रेवन या तीन वेगळ्या जाती आहेत, यात शंका नाही. पण 'कावळे' हा एक गट आणि 'रेवन' हा दुसरा गट, अशी वाटणी निसर्गात नाही. तिघंही कॉर्व्हस या एकाच प्रजातीतले (इंग्रजीत जीनस म्हणतात ते, मराठी पुस्तकं प्रजाती आणि जाती हे शब्द उलटसुलट वापरतात म्हणून खुलासा केला). जगभरात या प्रजातीत चाळीसच्या वर जाती आहेत. इंग्रज जिथे गेले तिथे मोठ्या काळ्या पक्ष्याला रेवन आणि लहानाला क्रो म्हणत गेले. ऑस्ट्रेलियात रेवन म्हणवणाऱ्या तीन जाती आहेत. त्यांचं जवळचं नातं तिथल्याच क्रो म्हणवणाऱ्या पक्ष्यांशी आहे, युरोपच्या रेवनशी नाही. म्हणून "रेवन म्हणजे काय" यापेक्षा "कोणता रेवन" हा प्रश्न जास्त बरोबर. या लेखात मी रेवन म्हणते आहे तो उत्तर गोलार्धातला, लडाखचा.

साम्य मात्र भरपूर आहे, आणि मला खरी गोडी तिथेच वाटते. बऱ्याच जणांना पटत नाही, पण कावळा आणि रेवन हे दोघंही गाणाऱ्या पक्ष्यांच्या गटातले आहेत. बुलबुल आणि दयाळ ज्या गटात मोडतात त्याच गटात. स्वरयंत्राची घडण तीच. विणीच्या दिवसांत कावळ्यांची जोडी जवळ बसून हळू आवाजात घुटमळत काहीबाही बोलत असते, ते कधी लक्ष देऊन ऐका, काव काव त्यात नावालाही नसते. रेवन तर नकला करण्यात पटाईत आहे.

कावळा एका डोळ्याचा, एकच बुबूळ दोन्हीकडे फिरवतो, ही समजूत तुम्ही ऐकली असेल. बुबुळं दोन आहेत. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे जवळची वस्तू निरखताना तो मान तिरकी करून एकच डोळा तिच्यावर धरतो, आणि मग दुसरा. पाहणाऱ्याला वाटतं एकाच डोळ्याने बघतोय. रेवनही असंच पाहतो.

स्मरणशक्तीबद्दल तर किती सांगू. दोघंही जास्तीचं खाणं लपवून ठेवतात आणि जागा लक्षात ठेवतात. लपवताना दुसऱ्याने पाहिलं तर जागा बदलतात. माणसाचा चेहरा ओळखतात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ यांनी २००६ साली आदिमानवाचा मुखवटा घालून तिथल्या जातीचे सात कावळे पकडले, खुणेची कडी घालून सोडून दिले. पुढे वर्षानुवर्षं तो मुखवटा घालून कोणीही त्या आवारात फिरलं की कावळे कालवा करत अंगावर येत. पकडले गेले होते सात, पण ओरडायला त्याहून कितीतरी जास्त जमत. एकमेकांचं पाहून बाकीचेही शिकले. रेवनच्या बाबतीत अमेरिकेच्याच मेन राज्यात बर्न्ड हाइनरिख यांनी शोधलेली गोष्ट मला फार आवडते. मेलेलं जनावर सापडलं की तरुण रेवन आरडाओरडा करून इतरांना का बोलावतो, एकट्याने का खात नाही? कारण त्या भागाची मालक जोडी एकट्यादुकट्याला हुसकावून लावते. जमाव आला की जोडीचं काही चालत नाही आणि सगळ्यांना घास मिळतो.

यातून स्वभावाचा एक फरकही कळतो. मोठ्या झालेल्या रेवनची जोडी आपली हद्द सांभाळून राहते. गावकावळ्याला गोतावळा लागतो. संध्याकाळी खाडीच्या खारफुटीकडे झुंडीने जाणारे कावळे तुम्ही ऐरोली किंवा विटाव्याच्या पुलावरून पाहिले असतील. अंधार पडेपर्यंत तिथे जी कावळ्यांची शाळा भरते तशी रेवनच्या पिकल्या जोडीची कधी भरत नाही. डोमकावळा या दोघांच्या मधला, बहुतेक वेळ जोडीने, रात्री झुंडीत. म्हणून तुमच्याकडे येणारा एकटा दिसत असला तरी समोरच्या इमारतीच्या टाकीवर त्याची जोडीदारीण बसलेली असण्याची शक्यता बरीच.

घरट्याचंही पाहण्यासारखं आहे. काऊचं घर शेणाचं, हे गोष्टीत. गेल्या मे महिन्यात वाऱ्याने पडलेलं गावकावळ्याचं एक घरटं मी उलगडून पाहिलं. बाहेरचा सांगाडा काड्या आणि बांधकामावरच्या बाइंडिंग तारांचा, जागोजागी केबलचे तुकडे, झाडूचे हीर. आत वाटीएवढ्या खोलगटात काथ्या इतका मऊ पिंजून बसवलेला की हात लावला तर गादीसारखा दबत होता. टॉवर उभे राहू लागले तशा तारा वाढल्या. गावकावळा वीण घालतो ती उन्हाळ्यात, पावसाच्या तोंडावर, आणि त्याच्याच घरट्यात कोकिळा अंडं घालते. कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या पिल्लांआधी दोन-तीन दिवस अंड्यातून बाहेर येतं आणि चारा आधी मिळवतं. संस्कृतात कावळ्याला परभृत् म्हणजे दुसऱ्याला पोसणारा, आणि कोकिळेला परभृत म्हणजे दुसऱ्याने पोसलेली, अशी नावं आहेत. एका हलन्तात दोघांचं नातं सांगितलं. डोमकावळा मात्र गावकावळ्याच्या बराच आधी, हिवाळा सरता सरता घरट्याच्या मागे लागतो. रेवन कडाक्याची थंडी असते तेव्हाच कड्याच्या कपारीत किंवा उंच झाडावर घरटं बांधतो.

गावकावळ्याच्या पसाऱ्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तो जहाजांवरून जगभर पोचला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला झांझिबारला, तिथून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. १९९४ साली नेदरलँड्सच्या हुक ऑफ हॉलंड बंदरात तो दिसला आणि तिथे वसलाही. केनियात आज तो तिथल्या लहान पक्ष्यांच्या मुळावर उठला आहे आणि तिथल्या सरकारने दहा लाख कावळे मारण्याची मोहीम २०२४ मध्ये जाहीर केली. आपल्याकडेही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात गावकावळा उंदीर-घुशींबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या परिशिष्टात होता. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच काढून टाकलं. परक्या मुलखात जे घडतं त्याचा राग इथल्या पक्ष्यावर काढू नये. इथे त्याचे वैरी, त्याची कोकिळा, त्याचा आजार, सगळं त्याच्यासोबत आहे.

आईंच्या म्हणण्याबद्दल मी आदरानेच बोलते. डोमकावळा मेलेल्या जनावरावर दिसतो, म्हणून त्याच्या नावाला ते चिकटलं. पण पितृपक्षात आपण गच्चीवर पान मांडून ज्याची वाट पाहतो, दहाव्याला ज्याने पिंड शिवावा म्हणून हात जोडून उभे राहतो, त्यात डोमकावळाही येतो. वडिलांच्या दहाव्याला आम्ही पाऊण तास उभे होतो. गावकावळे आसपास उतरत होते, पिंडाला शिवत नव्हते. शेवटी पिंपळावरून उतरून पिंड शिवला तो डोमकावळ्याने. आईंना हे जरूर सांगा. त्यांची पिढी ऐकून घेते असा माझा अनुभव आहे.

खायला घालायचं तर पोळीचा कोरडा तुकडा, भात, इतपत ठीक. फरसाण, वेफर्स, तळकट खारट नको. त्याहून चांगलं म्हणजे उन्हाळ्यात पसरट भांड्यात पाणी. वाळका तुकडा तो त्यात बुडवून मऊ करून खाईल, मुलीला बघायला मिळेल. पाणी रोज बदला, भांडं घासा. मेलेला कावळा दिसला तर उघड्या हाताने उचलू नका. २०२१ च्या जानेवारीत बर्ड फ्लू राज्यात आला तेव्हा मेलेल्या कावळ्यांमध्येही तो सापडला होता.

मे-जूनमध्ये आवारात पिल्लू खाली आलेलं दिसेल, निळसर करड्या डोळ्यांचं, तोंड उघडलं की आत लालसर गुलाबी. पिसं पुरती आलेली असतील तर ते पडलेलं नाही, उडायला शिकतं आहे. आईबाप वर बसून लक्ष ठेवून असतात आणि जवळ जाणाऱ्याच्या डोक्यावर मागून झडप घालतात. छत्री उघडून जा, पिल्लाला जवळच्या झुडपावर ठेवा, निघून या. घरी आणू नका. माझ्याकडे येणाऱ्या कावळ्याच्या पिल्लांतली निम्मी तरी उचलून आणायची गरजच नसलेली असतात. सोसायटीची झाडं छाटायची तर ती पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या आसपास छाटून घ्या. एका वर्षी ऐन मेमध्ये एका आवारात करवत चालली आणि संध्याकाळपर्यंत माझ्या दारात तीन खोक्यांत अकरा पिल्लं होती. त्यातली चार जगली.

माघ लागला की तुमच्या डोमकावळ्याकडे जरा जास्त लक्ष ठेवायला मुलीला सांगा. चोचीत काडी घेऊन तो रेलिंगवरून उडेल तेव्हा कोणीकडे जातो तेवढं तिने वहीत टिपावं, येऊरकडे की खाडीकडे, आणि किती वाजता. आठ-दहा दिवसांच्या नोंदी झाल्या की मला पाठवा. झाड कोणतं असेल याचा अंदाज आपण दोघी मिळून लावू.